सूर्यासारखाच, पण डिट्टो नाही

शाळेच्या पुस्तकात एक वाक्य असायचं, बहुतेक अजूनही असेल, की सूर्य हा एक सामान्य तारा आहे. मला हे वाक्य कायम खटकत आलंय. सामान्य म्हणजे कोणाच्या तुलनेत? नुसती डोकी मोजायची म्हटली तर आकाशगंगेतले साधारण चारातले तीन तारे हे लाल खुजे तारे आहेत, मंद, थंड, इतके मिणमिणते की त्यातला एकही आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, आणि सूर्याच्या जातीचे पिवळे-पांढरे तारे शंभरात सात-आठच निघतील. म्हणजे बहुमताने बघितलं तर सूर्य सामान्य नाहीच, चांगला वरच्या वर्गातला आहे. मग सामान्य ठरवायचं तर त्याच्याच मापाचे, त्याच्याच वजनाचे, तेवढेच तापलेले तारे शोधायचे, ते त्याच्या शेजारी ठेवायचे आणि मग बघायचं की आपला त्यांच्यात बसतो का. हे काम लोकांनी खरंच केलंय, अजून चालू आहे, आणि त्यात एका ताऱ्याचं नाव सारखं सारखं येतं. आजची पोस्ट त्याच्यावर.

तारा आहे 18 स्कॉर्पी. नाव म्हणावं असं नावही नाही बिचाऱ्याला, फ्लॅमस्टीड या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाच्या जुन्या यादीत वृश्चिक राशीतल्या ताऱ्यांना जे नंबर पडले त्यातला हा अठरावा, एवढंच. आपल्याकडे वृश्चिकेतल्या ज्येष्ठाला मान, अनुराधाला मान, मूळ नक्षत्राची तर लोक अजूनही धास्ती घेतात, पण हा कुठल्या नक्षत्रात नाही की पंचांगात नाही. प्रत 5.5 (हा आकडा जेवढा मोठा तेवढा तारा मंद), म्हणजे गच्च अंधाऱ्या जागी, डोळे चांगले असतील तर जेमतेम दिसतो, नाहीतर बायनॉक्युलर पाहिजे. अंतर सुमारे 46 प्रकाशवर्षं. आता आपण जो त्याचा प्रकाश बघतो तो साधारण 1980 च्या आसपास तिथून निघालेला.

या ताऱ्याकडे लक्ष गेलं ते 1997 मध्ये. ब्राझीलचे पोर्टो दि मेलो आणि दा सिल्वा यांनी एक छोटासा पेपर लिहिला की बाबांनो, आजपर्यंत सापडलेल्यांत सूर्याच्या सगळ्यात जवळ जाणारा तारा हाच दिसतोय. त्याच्या आधी वीस वर्षं ही शोधाशोध चालू होती. 1978 च्या सुमाराला हार्डोर्प नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने अतिनील भागातला वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून मिळणारा पट्टा, घेऊन ताऱ्यामागून तारे सूर्याशी ताडून बघितले, मग फ्रान्समधल्या जिउसा केरेल दि स्ट्रोबेल यांनी तर या विषयाला वाहूनच घेतलं, एकेक उमेदवार घ्यायचा, बारकाईने तपासायचा आणि बाद करायचा. हा जरा जास्त गरम, तो जरा जास्त म्हातारा, त्याच्यात लोह जास्त. बराच काळ हंस राशीतला 16 सिग्नी बी हा तारा आघाडीवर होता. मग हा 18 स्कॉर्पी आला आणि त्याने सगळ्यांना मागे टाकलं.

आता आकडे देतो, कारण या पोस्टचा जीव तिथेच आहे. पृष्ठभागाचं तापमान सुमारे 5820 केल्विन, सूर्याचं 5772. फरक पन्नासेक अंशांचा. त्रिज्या सूर्याच्या 1.01 पट. वस्तुमान 1.02 ते 1.04 पट. एकूण प्रकाश पाचेक टक्के जास्त. लोहाचं प्रमाण दहा-बारा टक्के जास्त. स्वतःभोवती फिरायला 22.7 दिवस, सूर्याला विषुववृत्तापाशी पंचवीसेक दिवस लागतात. बाकी गुरुत्वाकर्षण वगैरे जवळपास तेच. 46 प्रकाशवर्षं लांबच्या एका ठिपक्याबद्दल आपण टक्क्या-दोन टक्क्यांच्या भाषेत बोलतोय हे मला अजूनही पचत नाही, म्हणजे दरवेळी वाचताना थांबून विचार करावा लागतो की हे मोजलं कसं.

त्रिज्येचंच घ्या. दुर्बिणीतून कुठलाही तारा ठिपकाच दिसतो, कितीही मोठी दुर्बीण आणा. या ताऱ्याची आकाशातली रुंदी निघाली 0.676 मिलीआर्कसेकंद. हा आकडा वाचून डोक्यात काहीच उमटत नाही, म्हणून मी गणित करून बघितलं: मुंबईत कोणीतरी पाच रुपयाचं नाणं धरून उभं आहे आणि तुम्ही लंडनहून त्या नाण्याची रुंदी मोजताय, साधारण तेवढं. आणि तीसुद्धा एक टक्क्याच्या आत चूक ठेवून. हे एका दुर्बिणीचं काम नाही. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर चारा नावाची सहा दुर्बिणींची रचना आहे, प्रत्येकीचा आरसा एकच मीटरचा, पण त्या एकमेकींपासून जास्तीत जास्त 330 मीटरवर आहेत आणि त्यांचा प्रकाश एकत्र आणून त्याच्या लाटा एकमेकींवर पाडल्या की जे पट्टे पडतात त्यांच्या ठळकपणावरून ताऱ्याची रुंदी निघते. तारा खरोखरचा बिंदू असता तर पट्टे पूर्ण ठळक राहिले असते, त्याला थोडी जरी रुंदी असेल तर ते फिकट होत जातात. किती फिकट झाले तेवढी रुंदी. रुंदी आणि अंतर हातात आलं की त्रिज्या ही शाळेतली भूमिती.

वजन कसं काढायचं हा त्याहून भारी प्रकार आहे. जोडतारा असता तर सोपं होतं, एकमेकांभोवती फिरण्यावरून वस्तुमान निघतं, पण हा सूर्यासारखाच एकटा. मग त्याचा आवाज ऐकायचा. म्हणजे अक्षरशः कानाने नाही, अवकाशात कसला आवाज, पण ताऱ्याच्या पोटात वायूचा जो खळखळाट चालू असतो त्यामुळे आत ध्वनिलहरी फिरत राहतात आणि पृष्ठभाग थोडा थोडा वरखाली होत असतो. सूर्याच्या बाबतीत ही धडधड पाच मिनिटांच्या आसपासची आहे, 1960 च्या दशकापासून माहीत आहे. 18 स्कॉर्पीवर तीच पाहायला चिलीतल्या ला सिला वेधशाळेतलं हार्प्स नावाचं उपकरण अनेक रात्री त्याच्यावर लावून ठेवलं. एकेका कंपनाचा वेग म्हणजे सेकंदाला काही सेंटीमीटर ते फार तर वीसेक सेंटीमीटर. मुंगीपेक्षा जरा बरा वेग म्हणा. वायूचा एक पेटता गोळा, चौदा लाख किलोमीटर रुंद, 46 प्रकाशवर्षांवर, आणि त्याचा पृष्ठभाग या गतीने हलतोय हे आपल्याला कळतं.

त्या कंपनांच्या वारंवारता समान अंतराने ओळीत पडतात, त्या अंतराला धरून ताऱ्याची सरासरी घनता निघते. सूर्याचं हे अंतर साधारण 135 मायक्रोहर्ट्झ, या ताऱ्याचं 134.4. घनता या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, म्हणून वर्ग करा, सूर्याच्या 99 टक्के घनता आली. त्रिज्या 1.01, तिचा घन 1.03. दोन्ही गुणले की 1.02. झालं वजन. हा बाझो आणि सहकाऱ्यांचा 2011 चा पेपर, आणि त्यात मला आवडतं ते हे की शेवटचं गणित मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं, पण त्या दोन आकड्यांपर्यंत पोचायला दोन खंडांवरच्या दोन वेधशाळा लागल्या.

तापमान आणि रासायनिक घटक वर्णपटातून येतात, आणि इथे आपल्याकडच्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वर्णपटात ज्या काळ्या रेषा दिसतात त्या कुठल्या मूलद्रव्याच्या हे लोकांना आधीच माहीत होतं, पण रेषा ठळक असणं म्हणजे ते द्रव्य जास्त असणं असं नाही, तापमान बदललं की त्याच द्रव्याच्या रेषा गडद होतात नाहीतर गायब होतात, हे गणिताने मांडलं मेघनाद साहांनी, 1920 मध्ये. आजही कुठल्याही ताऱ्याचं तापमान नि घटक काढताना साहांचं समीकरण पायाशी असतंच. लोहाच्याच शेकडो रेषा घ्यायच्या, काही तापमानाला हळव्या, काही नाहीत, सगळ्यांतून लोहाचं एकच उत्तर यावं म्हणून तापमान मागेपुढे करत बसायचं. शेवटी जुळतं तेव्हा थोड्याच अंशांचे खेळ उरतात. सूर्याच्या अगदी सारख्या ताऱ्यांवर तर ही पद्धत फारच नेमकी चालते, कारण दोन्हीकडे सैद्धांतिक चूक सारखीच होते आणि वजाबाकीत कटते.

पण या वजाबाकीत एक मोठी गंमत आहे, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. तुलना करायची तर दोघांचा वर्णपट एकाच उपकरणातून यायला हवा, आणि आठ मीटरची दुर्बीण सूर्याकडे रोखता येत नाही, सगळं जळून जाईल. म्हणजे अख्ख्या आकाशात सगळ्यात जवळचा, सगळ्यात तेजस्वी तारा हाच मोजायला सगळ्यात अडचणीचा. मग काय करतात, तर सेरेस, व्हेस्टा, जूनो असल्या एखाद्या लघुग्रहाकडे दुर्बीण लावतात. तो दगड रात्रीच्या आकाशात ठिपक्यासारखाच दिसतो, आणि त्याच्यावरून जे परत येतं ते सूर्याचंच ऊन. सूर्य बघायला रात्री दगडाकडे बघायचं! आणि याच्या उलटही चालतं: लघुग्रहाचा स्वतःचा रंग, त्याच्यावरची खनिजं कळायला हवी असतील तर त्या प्रकाशातला सूर्याचा वाटा काढून टाकायला लागतो, त्यासाठी त्याच रात्री सूर्यासारखा एखादा तारा टिपून त्याने भागतात. सूर्याचा रंग नेमका किती पांढरा किती पिवळा हा आकडासुद्धा असाच, सूर्याच्या अगदी सारख्या ताऱ्यांना, म्हणजे त्याच्या जुळ्या भावंडांना विचारून विचारून पक्का केलाय.

भाचीने मध्ये विचारलं होतं, मामा, आपला सूर्य लांबून बघितला तर केवढा दिसेल. आठवीतली आहे, प्रश्न भारी विचारते. मी म्हटलं 18 स्कॉर्पीवरून बघितला तर साधारण 5.6 प्रतीचा, म्हणजे आपल्याला तो जेवढा दिसतो तेवढाच, किंचित मंद. दिशा आपल्या वृषभ राशीची, रोहिणीच्या जवळपास. तिचं म्हणणं, एवढंच? हो, एवढंच.

आता फरकांकडे येतो, कारण मला विचाराल तर साम्यात काही फार मजा नाही, ते मोजून संपतं. सूर्य आणि 18 स्कॉर्पी यांचे वर्णपट एकावर एक ठेवले तर नवख्याला काही वेगळं दिसणारच नाही, हजारो रेषा, सगळ्या जागच्या जागी, खोलीसुद्धा तीच. पण तांबड्या भागात 670.8 नॅनोमीटरपाशी जा. तिथे लिथियमची रेषा असते. सूर्याच्या वर्णपटात ती इतकी पुसट आहे की शेजारच्या लोहाच्या रेषेला टेकलेली एक हलकीशी सुरकुती वाटते, आणि 18 स्कॉर्पीत तिथे सरळ सरळ खळगा दिसतो. हिशोब केला तर त्याच्यात लिथियम सूर्याच्या तिप्पट-साडेतिप्पट.

लिथियम हे फार नाजूक प्रकरण आहे. पंचवीस लाख अंशांच्या आसपास तापलं की त्याचा अणुगर्भ प्रोटॉन खाऊन फुटतो, आणि सूर्याच्या पोटात तेवढी उष्णता फार खोल जायच्या आधीच सुरू होते. बाहेरचा जो थर उकळत असतो तो वरचा माल खाली नेतो नि खालचा वर आणतो, त्याच्या तळाशी हळूहळू गळती होत राहते, आणि जे लिथियम खाली झिरपलं ते गेलं. उल्का हे सूर्यमालेच्या जन्माच्या वेळचं सामान, त्यात जेवढं लिथियम आहे त्याच्या मानाने सूर्याच्या पृष्ठभागावर शे-दीडशेपटीने कमी उरलंय. बरीच वर्षं लोक कोड्यात होते की सूर्यातच एवढं कमी का, सूर्य काही विचित्र आहे का, ग्रह असल्यामुळे असं होतं का, त्यावर भांडणंही झाली. मग 2013 मध्ये मेलेंडेझ, मन्रो वगैरे मंडळींनी एचआयपी 102152 (हाही यादीतला नंबरच) नावाचा सूर्याचा एक म्हातारा जुळा सादर केला, अडीचशे प्रकाशवर्षांवरचा, वय सुमारे 8.2 अब्ज वर्षं, आणि त्याच्यात लिथियम सूर्यापेक्षाही कमी. तरुण 18 स्कॉर्पीत जास्त, मधल्या सूर्यात कमी, म्हाताऱ्यात त्याहून कमी. म्हणजे सूर्य विचित्र नाही, त्याचं वय झालंय इतकंच. या एका बाबतीत शाळेचं पुस्तक बरोबर.

मग 18 स्कॉर्पीचं वय किती? हा जरा सरकता प्रकार आहे. त्याच मंडळींच्या कामात 2.9 अब्ज वर्षं आलं, एक अब्ज इकडे-तिकडे. कंपनांवर बसवलेली काही मॉडेल्स आणखी पुढे जातात, साडेतीनच्याही पलीकडे. मी आपला सोपा मार्ग धरला. तारे जन्मतः गरागरा फिरतात आणि त्यांच्यातून सुटणारा वारा चुंबकीय क्षेत्राला धरून ब्रेक लावत राहतो, 1972 मध्ये स्कुमानिच यांनी दाखवलं की फिरायला लागणारा वेळ वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 22.7 भागिले 25.4, उत्तर 0.89, वर्ग केला 0.8, सूर्याचं वय 4.57 अब्ज, गुणलं की सुमारे 3.65 अब्ज. माझं गणित घरगुती आहे, पण मोठ्या लोकांच्या आकड्यांच्या आसपासच पडलं म्हणून खूश झालो. काहीही धरा, सूर्यापेक्षा तो लहान आहे, धाकटा भाऊ म्हणायला हरकत नाही. वजनाला मात्र थोरल्यापेक्षा किंचित जड.

धाकटा असल्यामुळे थोडा अवखळही असावा असं वाटेल, पण तिथे तसं फारसं नाही. सूर्यावरचे डाग अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात-घटतात हे सगळ्यांना माहीत आहे. इतक्या लांबच्या ताऱ्यावरचे डाग काही दिसत नाहीत, पण कॅल्शियमच्या दोन गडद रेषा असतात, जांभळ्या टोकाला, त्यांच्या तळाशी चुंबकीय उलाढालीप्रमाणे थोडी चमक कमी-जास्त होते. ऑलिन विल्सन यांनी 1966 पासून माउंट विल्सनवरच ही चमक वर्षानुवर्षं मोजायचा उद्योग सुरू केला, काय चिकाटी असेल बघा, एका ताऱ्याचं एक चक्र दिसायला अर्धी नोकरी जायची. आपल्याकडे कोडाईकनालच्या वेधशाळेत याच कॅल्शियमच्या रेषेतले सूर्याचे फोटो शंभराहून जास्त वर्षांचे साठलेले आहेत, ते आता डिजिटल झालेत आणि जगभर वापरले जातात. तर 18 स्कॉर्पीवर हॉल, हेन्री, लॉकवूड यांनी अशीच नजर ठेवली, 2007 मध्ये लिहिलं की चक्र सुमारे सात वर्षांचं आहे आणि त्यात ताऱ्याचा एकूण उजेड एक हजारांशाच्या आसपास बदलतो. सूर्याचाही जवळपास तेवढाच बदलतो! आणि दोघेही जास्त खवळलेले असताना जास्त उजळ असतात, डाग काळे असूनसुद्धा, कारण डागांभोवतीचे उजळ पट्टे डागांवर मात करतात. बऱ्याच तरुण ताऱ्यांत हे उलटं असतं, तिथे डाग जिंकतात.

इथे जरा थांबून सांगतो की सूर्य शांत आहे का, हा प्रश्न नुसता हौशी नाही. 1645 ते 1715 या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग जवळजवळ पडलेच नव्हते, माउंडर मिनिमम म्हणतात त्याला. उलट बाजूला, 2020 मध्ये केपलर या अवकाशातल्या दुर्बिणीच्या डेटावरून एक अभ्यास आला: सूर्यासारखे, सूर्याएवढ्याच वेगाने फिरणारे 369 तारे घेतले, तर त्यांच्यातली चढउतार सरासरी सूर्याच्या पाचेक पट निघाली. मग सूर्य मुळातच गरीब स्वभावाचा आहे, की सध्या शांत बसलाय आणि पुढेमागे उसळू शकतो? चारशे वर्षांच्या डागांच्या नोंदींवरून साडेचार अब्ज वर्षांच्या ताऱ्याचा स्वभाव सांगायचा म्हणजे कठीणच. अशावेळी 18 स्कॉर्पीसारखा एक शांत भाऊ शेजारी असणं मला तरी दिलासा वाटतो, पण एका भावावरून घराण्याची परीक्षा होत नाही हेही खरं.

हे सगळं लांबच्या ताऱ्याकडून एकत्र मिळतं, अख्ख्या ताऱ्याचा एक आकडा. सूर्याचं मात्र आपल्याला तुकड्या-तुकड्याने दिसतं, कुठला डाग, कुठला पट्टा, कुठून काय उसळलं. सूर्याचा अभ्यास करणारं आपलं यान आदित्य-एल1 हे 2 सप्टेंबर 2023 ला उडालं, त्याच्यावरची सूट नावाची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या पुढाकाराने झालेली आहे, ती सूर्याची पूर्ण तबकडी टिपते, त्याच कॅल्शियमच्या रेषेत आणि मॅग्नेशियमच्याही. तिथलं चित्र आणि ताऱ्याचा आकडा हे एकमेकांना लावून बघायचं हा खरा उद्योग. सूर्य नकाशा देतो, तारे गर्दी देतात.

हेलियमचं राहिलंच. या जातीच्या ताऱ्यांच्या साध्या वर्णपटात हेलियम दिसतच नाही, तापमान कमी पडतं, म्हणून 18 स्कॉर्पीत हेलियम किती हे थेट मोजता येत नाही, मॉडेलमधून काढावं लागतं. सूर्यात ते सापडलं तेही कडेच्या तप्त ज्वाळांत. विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखवतात बघा, 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रासाच्या वेळचे, आणि लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने तिथे बसून हेलियम शोधला असं सांगतात. ग्रहण तिथून दिसलं हे खरंच आहे, पण लॉकयर तेव्हा इंग्लंडातच होता, हेलियमच्या शोधात ज्याचं नाव येतं तो फ्रेंच जान्सेन गुंटूरला होता, आणि लॉकयरने नंतर ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच ज्वाळांचा वर्णपट मिळवला. किल्ला बघायला जा, समुद्र झकास आहे, ओटेही बघा, फक्त लॉकयरची गोष्ट जपून सांगा.

आता सूर्य खरोखर वेगळा पडतो ती जागा. मेलेंडेझ आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अकरा जुळे घेतले आणि एकेक मूलद्रव्य मोजलं, तर सूर्यात एक पॅटर्न निघाला. कार्बन, ऑक्सिजन वगैरे जी सहज वायू होऊन उडतात ती ठीक होती, पण लोह, अॅल्युमिनियम, कॅल्शियम असली जी जास्त तापमानाला घट्ट होऊन धूळ-दगड बनतात ती त्या मानाने सूर्यात वीसेक टक्क्यांपर्यंत कमी. आणि जुळ्यांपैकी बहुतेकांत, साधारण 85 टक्क्यांत, ही तूट नाही. 18 स्कॉर्पी तर या दगडी द्रव्यांत सूर्यापेक्षा सरळ श्रीमंत निघाला. मेलेंडेझ यांचा अंदाज असा की ते हरवलेलं सामान गेलं कुठे, तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ यांच्यात. आपण ज्याच्यावर उभे आहोत ते सूर्यात पडायचं राहिलं म्हणून सूर्यात कमी! कल्पना इतकी सुंदर आहे की खरी असावी असं वाटतं, आणि म्हणूनच मी तिच्याबद्दल सावध असतो. विरोधी पक्षही तगडा आहे: काही म्हणतात हा ताऱ्याच्या वयाचा आणि आकाशगंगेत तो कुठे जन्मला याचा परिणाम, काही म्हणतात दगडी ग्रहांनी नाही तर गुरूने धूळ बाहेरच अडवून धरली. यातलं कुठलंही खरं ठरलं तरी सूर्य त्या पंधरा टक्क्यांत बसतो, म्हणून सामान्य या शब्दाला मी तिथे तरी काट मारलेली आहे.

गुरूचा विषय निघालाच तर, 2015 मध्ये एचआयपी 11915 या दुसऱ्या एका जुळ्याभोवती गुरूएवढाच ग्रह सापडला, आणि तोही जवळपास गुरूच्याच अंतरावर. ते घर आपल्या घरासारखं आहे का बघायला पुढची पंधरा-वीस वर्षं लागतील.

ज्यांना 18 स्कॉर्पी बघायचाय त्यांच्यासाठी. महिना मे, पावसाच्या आधी, अमावास्येच्या जवळपास. भंडारदरा, माळशेजच्या वरचा भाग, कुठेही, फक्त मुंबई-पुण्याचा उजेड मागे टाकून. रात्री अकरानंतर आग्नेयेला लालसर ज्येष्ठा पकडा, तिच्या पुढे विंचवाच्या डोक्यात उभे तीन तारे आहेत, अनुराधा. त्यातला सगळ्यात उत्तरेचा घ्या आणि तिथून आणखी उत्तरेकडे हात लांब करून दीड मुठीच्या वर गेलात की दोन तारे जवळजवळ दिसतील, भुजंगधारीच्या हातातले. बायनॉक्युलरमध्ये त्या दोघांना वरच्या कडेला ठेवा, मग आपला तारा त्यांच्या दक्षिणेला, दृश्याच्या खालच्या अर्ध्या भागात असतो. तिथे साधारण त्याच तेजाचे आणखीही एखाद-दोन दिसतात म्हणून नकाशा लागतोच, स्टेलारियम या आकाशाच्या ॲपमध्ये याचाच दुसरा नंबर एचडी 146233 टाकला की नेमका तोच येतो. दुर्बीण मोठी आणून काही फायदा नाही, पांढरा ठिपका तो पांढरा ठिपकाच. सोबत आलेल्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दोन तास गाडी चालवून हे दाखवायला आणलंस का असं ऐकून घ्यावं लागतं.